सेमी-इंग्रजी पहिलीपासून घ्यावं की आठवीपासून? एक परीक्षण

सेमी-इंग्रजी म्हणजे मराठी शाळेतच गणित आणि विज्ञान इंग्रजी पुस्तकातून शिकायचं, बाकी मराठी, इतिहास, नागरिकशास्त्र, भूगोल मराठीतून. मंडळ राज्याचंच, पुस्तकं बालभारतीचीच, दहावीचं प्रमाणपत्रही तेच. ज्यांना इंग्रजी माध्यमाची फी परवडत नाही, किंवा मुलांची मराठी सुटू नये असं मनापासून वाटतं पण अकरावीचं विज्ञान इंग्रजीतून असतं याची धास्तीही आहे, अशा पालकांना शाळा ही सोय मधला रस्ता म्हणून देतात. जिल्हा परिषदेच्या शाळांतही ती मिळते, शहरांतल्या जुन्या अनुदानित संस्थांतही.

मत आधी, कारणं नंतर. आठवीपासून सेमी घेणं बहुतेक मुलांना झेपतं आणि पुढे उपयोगी पडतं. सहावीपासून घ्यायचं तर शिक्षक पाहून घ्यावं. पहिलीपासून घेऊ नये.

पहिलीपासूनच्या सेमीत नेमकं काय मिळतं ते आधी पाहू. पहिली-दुसरीत विज्ञान हा वेगळा विषयच नसतो. तिसरी ते पाचवीत परिसर अभ्यास असतो, आणि तो बऱ्याच सेमी शाळांत मराठीतूनच शिकवतात. म्हणजे ‘पहिलीपासून सेमी’ या फलकाचा पाचवीपर्यंतचा अर्थ एवढाच की गणिताचं एक पुस्तक इंग्रजीत. इंग्रजी हा विषय राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच आहे. सेमी घ्या किंवा घेऊ नका, तो तेवढाच शिकवला जातो. मुलाची इंग्रजी सुधारेल या आशेने पालक पहिलीत सेमी घेतात, पण गणिताच्या तासाला इंग्रजी ऐकायला मिळतं ते ‘ॲड’, ‘सबट्रॅक्ट’, ‘हाऊ मेनी’ एवढंच. भाषा वाढते गोष्टी ऐकून, गाणी म्हणून, चित्रांवर बोलून, आणि ते सगळं इंग्रजीच्या तासाला व्हायचं असतं. तो तास चांगला होत नसेल तर गणिताच्या पुस्तकाची भाषा बदलून ती उणीव भरून येत नाही.

उलट गणिताचं नुकसान होतं. कसं, ते थोडं बारकाईने सांगायला हवं, कारण प्रगतिपुस्तकात ते तिसरी-चौथीपर्यंत दिसतच नाही.

सुरुवात संख्यावाचनापासून होते. मराठीत त्रेचाळीस म्हणताना तीन आधी ऐकू येतात, चाळीस नंतर. लिहिताना मात्र चार आधी. एकोणपन्नास ऐकून ५९ लिहिणारी मुलं प्रत्येक दुसरीच्या वर्गात असतात, कारण कानावर ‘पन्नास’ पडलेलं असतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘सत्तर दोन’ अशी वाचनाची पद्धत आली, ती याच अडचणीवर उपाय म्हणून. नेहमीची नावंही सोबत होती. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालच्या गणित समितीने दाखवलेली अडचण खरी होती, पण चर्चा मराठीची मोडतोड झाली की नाही यावरच अडली आणि मुलं कुठे चुकतात हा मुद्दा बाजूला पडला. सेमीच्या मुलाला हीच अडचण दोनदा पार करावी लागते. घरी एकोणपन्नास, वर्गात फॉर्टी नाइन; शिवाय थर्टीन आणि थर्टी यांतला गोंधळ वेगळाच. दोन्ही पद्धती एकदम पक्क्या करायला रोजचा तोंडी सराव लागतो. चाळीस मुलांच्या वर्गात तो क्वचितच मिळतो.

दुसरी अडचण वाक्याच्या रचनेची. ‘बारातून पाच वजा करा’ यात मोठी संख्या आधी येते, आणि मूल त्याच क्रमाने मांडणी करतं. ‘सबट्रॅक्ट ५ फ्रॉम १२’ यात पाच आधी येतात. ‘फ्रॉम’चं काम न कळलेलं मूल पाच वर लिहून बारा खाली लिहितं, मग एककातल्या पाचातून दोन वजा करून तीन मिळवतं आणि दशकाशी अडतं. शिक्षकाला ते हातच्याची चूक वाटते. खरं तर मुलाला हातचा येत असतो, वाक्य कळलेलं नसतं. ‘हाऊ मेनी मोअर’ या प्रश्नाचंही तसंच. ‘मोअर’ म्हणजे जास्त एवढंच पाठ असतं, म्हणून मूल बेरीज करून मोकळं होतं. मराठीत ‘रमापेक्षा सलमाकडे किती गोट्या जास्त आहेत’ असं विचारलं तर तेच मूल बोटं मोजून बरोबर फरक सांगतं.

मग शिक्षक काय करतात? शाब्दिक उदाहरण फळ्यावर वाचतात, मराठीत समजावतात आणि इंग्रजी उत्तर उतरवून देतात. वही नीटनेटकी इंग्रजीने भरते. चाचणीत शाब्दिक उदाहरणं कमी येतात, किंवा वर्गात सोडवलेलीच संख्या बदलून येतात. मूल पास होतं. शिष्यवृत्तीची परीक्षा किंवा एखादं अनोळखी उदाहरण समोर आलं की मगच कळतं की मुलाला प्रश्न वाचताच येत नाही.

तिसरं नुकसान सहज नजरेत येत नाही, पण मोठं आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द मूल घरात आणि बाजारात ऐकतच वाढतं. अपूर्णांकाची सुरुवात यांच्यावर केली तर त्याला आधार तयार असतो. सव्वा किलो म्हणजे एक किलो आणि पाव किलो, हे त्याला ठाऊकच असतं. इंग्रजी पुस्तकातून ‘वन फोर्थ’ने सुरुवात झाली की हा आधार वापरलाच जात नाही. ‘बे दुणे चार, बे त्रिक सहा’ची लय सोडून ‘टू टूज आर फोर’ म्हणवून घेण्यानेही काही मिळत नाही. पाढे मराठीतच पाठ असू द्यावेत. मनातल्या मनात मराठीत गुणून इंग्रजीत लिहिणारा मुलगा दहावीच्या पेपरातही मागे पडत नाही.

हे सगळं चांगल्या शिक्षकाला सावरता येतं. पण पहिली ते पाचवीचे बहुसंख्य शिक्षक स्वतः मराठी माध्यमातून शिकलेले, डी.एड.ही मराठीतूनच केलेले. सेमीचा वर्ग सुरू झाला म्हणून त्यांना वेगळं प्रशिक्षण मिळतंच असं नाही. यात दोष त्यांचा नाही. पटसंख्या टिकवण्यासाठी संस्था सेमीचा फलक लावते आणि निस्तरावं वर्गातल्या बाईंना लागतं.

सहावी-सातवीत विज्ञान येतं तेव्हा चित्र बदलू लागतं. मुलाला मराठी वाचता येत असतं, इंग्रजीची पाच वर्षं झालेली असतात, आणि विज्ञानाच्या धड्यात आकृत्या असल्यामुळे शब्दाला वस्तूचा आधार मिळतो. इथे सेमी चालू शकतं, पण विज्ञानाचे शिक्षक स्वतः इंग्रजीतून बी.एस्सी. झालेले असावेत. विज्ञानाची पदवी बहुधा इंग्रजीतूनच होते, म्हणून प्राथमिकपेक्षा या वर्गांना असा शिक्षक मिळणं सोपं जातं. एक प्रश्न शाळेला जरूर विचारावा: सहावीचं विज्ञान विज्ञानाचे शिक्षकच शिकवतात, की तास भरायला भाषेच्या शिक्षकाकडे दिलं जातं?

आठवी ते दहावी हा सेमीचा सगळ्यात चांगला टप्पा. दहावीचा हिशेब असा. गणित भाग १ आणि भाग २ प्रत्येकी ४० गुणांचे, वर २० अंतर्गत. विज्ञानाचंही तसंच. म्हणजे ६०० पैकी २०० गुण इंग्रजीतून, शिवाय इंग्रजी विषयाचे १००. अर्धी परीक्षा इंग्रजीत, अर्धी मराठी-हिंदी-सामाजिक शास्त्रांत. गणिताच्या पेपरात भाषेचा भार फार नसतो. वरच्या इयत्तांच्या मराठी पुस्तकांतही त्रिकोणाची नावं आणि चलं रोमन अक्षरांतच असतात आणि चिन्हं सारखीच, त्यामुळे मराठीकडून इंग्रजीकडे जाताना बदलतो तो फक्त प्रश्नाचा मजकूर. भूमितीत पक्ष, साध्य, रचना, सिद्धता या चार मथळ्यांचे इंग्रजी शब्द आणि कारणं लिहिण्याची पंधरा-वीस ठरावीक वाक्यं पक्की झाली की भाग २ सुटतो.

गुण जातात ते विज्ञानात, त्यातही भाग २ मध्ये. ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’, ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया’, ‘पर्यावरणीय व्यवस्थापन’, ‘सामाजिक आरोग्य’ हे धडे वर्णनाचे आहेत. शास्त्रीय कारणं लिहा, फरक स्पष्ट करा, टिपा लिहा अशा प्रश्नांना स्वतःची वाक्यं लागतात. ज्याला गोष्ट कळली आहे पण वाक्य जुळवता येत नाही, तो गाइडमधलं उत्तर पाठ करतो, आणि प्रश्न थोडा फिरवून आला की अडतो. भाग १ मध्ये ‘गुरुत्वाकर्षण’, ‘प्रकाशाचे अपवर्तन’, ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ यांत सूत्रं आणि आकृत्या बरंचसं सांभाळून घेतात. म्हणून सेमीच्या मुलाने लेखनाचा सराव भाग २ पासून सुरू करावा.

मराठी संज्ञा अवघड असतात, म्हणून इंग्रजी बरं, असंही ऐकू येतं. ते निम्मंच खरं आहे. काटकोन, लघुकोन, समभुज हे शब्द आपला अर्थ आपणच सांगतात. परावर्तन आणि अपवर्तन यांत गोंधळ होतो हे खरं, पण रिफ्लेक्शन आणि रिफ्रॅक्शन यांतही तेवढाच होतो. धडा एकदा समजला की दोन्ही भाषांतली नावं लक्षात राहतात. न समजता पाठ केलेलं कुठल्याच भाषेत राहत नाही.

आता बालभारतीच्या पुस्तकांबद्दल, कारण या सोयीतला सगळ्यात भक्कम भाग तोच आहे आणि त्याचा वापर सगळ्यात कमी होतो. गणित आणि विज्ञानाची मराठी आणि इंग्रजी पुस्तकं एकमेकांची भावंडं आहेत. धड्यांचा क्रम तोच, आकृत्या त्याच, ‘सरावसंच १.१’ म्हणजेच ‘प्रॅक्टिस सेट १.१’, ‘संकीर्ण प्रश्नसंग्रह’ म्हणजेच ‘प्रॉब्लेम सेट’. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर दोन्हींची पीडीएफ फुकट उतरवता येते. अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पुस्तकं मोफत मिळतात, पण सेमीच्या मुलाला गणित-विज्ञानाचं एकच, इंग्रजी पुस्तक मिळतं. मराठी प्रत घरच्यांनी मिळवायची. वरच्या इयत्तांच्या मराठी विज्ञानाच्या पुस्तकात बऱ्याच संज्ञांपुढे कंसात इंग्रजी शब्दही दिलेले असतात, म्हणजे शब्दकोशही वेगळा घ्यायला नको.

जुनी पुस्तकं घेताना एक जपा. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन वर्षांत आठवीपर्यंतची पुस्तकं चार भागांत, आत वहीची कोरी पानं घालून निघाली. वह्यांच्या पानांचा निर्णय जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतला गेला. त्या दोन वर्षांचा संच कुणी दिला तर चारही भाग आहेत ना, ते मोजून घ्या. तिसरा भाग हरवलेला असला तर मधलेच धडे जातात. नव्या अभ्यासक्रमामुळे पुस्तकं इयत्तेनुसार टप्प्याटप्प्याने बदलत आहेत, म्हणून मुखपृष्ठ पाहून समाधान मानू नका. आतल्या पानावरचं आवृत्तीचं वर्ष पाहा, आणि मराठी व इंग्रजी दोन्ही प्रती एकाच अभ्यासक्रमाच्या घ्या, नाहीतर सरावसंचांचे क्रमांक जुळणार नाहीत.

आठवीत सेमी घेणार असाल तर तयारी सातवीनंतरच्या उन्हाळी सुट्टीत करावी. आठवीचं इंग्रजी पुस्तक मुलासमोर ठेवायची घाई करू नका. सातवीचं विज्ञान, जे मराठीत शिकून झालंय, तेच इंग्रजी पुस्तकातून वाचायला द्या. विषय नवा नसल्यामुळे लक्ष फक्त भाषेवर राहतं. तीन रकान्यांची वही करा: मराठी संज्ञा, इंग्रजी संज्ञा, आणि एक आकृती किंवा उदाहरण. एका धड्याच्या दहा-पंधरा संज्ञा पुरेत. शंभर स्पेलिंगांची यादी पाठ करून काही होत नाही. त्याच्याही आधी प्रश्नातली क्रियापदं पक्की करा: फाइंड, प्रूव्ह, व्हेरिफाय, स्टेट, डिफाइन, डिस्टिंग्विश, जस्टिफाय, आणि अशी वीस-पंचवीस. विद्यार्थी सगळ्यात जास्त वेळा इथेच अडतो, कारण काय विचारलंय तेच कळत नाही. जून लागल्यावर नवा धडा आधी मराठीत वाचायचा, मग इंग्रजीत, आणि सरावसंच इंग्रजी पुस्तकातून सोडवायचा. हा क्रम उलटा करू नका. इंग्रजी आधी वाचून मराठी नंतर पाहणारं मूल प्रत्येक शब्दाशी थांबतं आणि धड्याचा मुद्दा त्याच्या हातून निसटतो.

शाळा निवडताना फी आणि इमारत बघतातच सगळे. त्याऐवजी चौथीची किंवा सातवीची मागच्या सत्राची गणिताची प्रश्नपत्रिका मागून पाहा. तिच्यात शाब्दिक उदाहरणं किती आहेत? नुसती बेरीज-गुणाकाराची मांडणी असेल तर त्या शाळेत मुलांना इंग्रजी प्रश्न वाचता येत नाहीत हे शिक्षकांनाही ठाऊक आहे. मग विचारा, त्याच इयत्तेची पूर्ण मराठी तुकडी आहे का, आणि वर्षाच्या मध्यात तिकडे जाता येतं का. एकच तुकडी असेल आणि ती सेमी असेल, तर परतीची वाट नाही. दहावीचं आवेदनपत्र भरताना गणित आणि विज्ञानाचं माध्यम कोणतं नोंदवलं जातंय, तेही पालकांनी स्वतः डोळ्यांखालून घालावं.

एवढे पालक पहिलीपासून सेमी मागतात त्याला कारण आहे, आणि ते खोटं नाही. अकरावी-बारावीचं विज्ञान या राज्यात इंग्रजीतून चालतं. कला आणि वाणिज्य मराठीतून घेता येतं, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र नाही. दहा वर्षं मराठीत विज्ञान शिकलेलं मूल अकरावीच्या पहिल्या आठवड्यात एकदम परक्या भाषेत जाऊन बसतं. त्या भीतीपोटी पालक दहा वर्षं आधीच भाषा बदलतात.

माध्यमावरच्या आपल्या सगळ्या राजकारणात या जागेकडे जवळजवळ कुणी पाहत नाही. राज्यघटनेचं कलम ३५०-क प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयीबद्दल बोलतं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा शक्य तिथवर मातृभाषेचा आग्रह धरतो. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत घरची भाषा सुचवतं, शिवाय गणित-विज्ञानाची द्विभाषिक पुस्तकं करा असंही सांगतं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१४ मध्ये कर्नाटकाच्या खटल्यात ठरवलं की प्राथमिक शाळेत मातृभाषेचं माध्यम सरकारला लादता येणार नाही, निवड पालकांची. महाराष्ट्राने २०२० मध्ये सगळ्या शाळांत दहावीपर्यंत मराठी विषय सक्तीचा केला. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीच्या दोन शासन निर्णयांवर राज्य ढवळून निघालं, आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. तो विरोध योग्यच होता. सहा वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा लादायला नकोच होती. पण तेवढ्याच जोराने कुणी रस्त्यावर येऊन अकरावीचं भौतिकशास्त्र मराठीत, किंवा निदान द्विभाषिक, का नाही हे विचारलेलं नाही. मराठी माध्यमाच्या तुकड्या रिकाम्या होण्यामागे हे मोठं कारण आहे.

प्रवेशपरीक्षा यात पुढे गेल्या आहेत. वैद्यकीय प्रवेशाची नीट आणि अभियांत्रिकीची जेईई मुख्य परीक्षा २०२१ पासून तेरा भाषांत होतात, त्यांत मराठी आहे. राज्याच्या सीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्राचे प्रश्न मराठीतही मिळतात. गणिताचे मात्र फक्त इंग्रजीत. नीटची भाषा अर्ज भरतानाच निवडावी लागते; मराठी निवडली तर प्रश्न मराठी आणि इंग्रजी दोन्हींत छापलेले मिळतात, आणि भाषांतराबद्दल वाद झाला तर इंग्रजी प्रश्न ग्राह्य धरतात. म्हणून आठवीपासून दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून शिकलेल्या मुलाने मराठी पर्याय घ्यायला हरकत नाही. दोन्ही मजकूर समोर असणं हा त्याचा फायदाच आहे.

मूल आधीच दुसरी-तिसरीच्या सेमीत असेल तर घाबरून शाळा बदलू नका. इंग्रजी पुस्तकातलं एक शाब्दिक उदाहरण त्याला वाचायला द्या, आणि उत्तर न विचारता, यात काय दिलंय आणि काय काढायचंय, एवढं मराठीत सांगायला सांगा. तीन-चार उदाहरणांत ते सांगता आलं तर गाडी ठीक चालली आहे. नाही सांगता आलं तर त्याच इयत्तेचं मराठी गणिताचं पुस्तक उतरवा आणि रोज दोन उदाहरणं आधी मराठीतून, लगेच इंग्रजीतून सोडवून घ्या. संख्यावाचनाचा सराव दोन्ही भाषांत तोंडी घ्या, आणि एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास यांवर जास्त वेळ द्या. सहामाहीपर्यंत फरक पडला नाही, तर मराठी तुकडीत जागा आहे का ते मुख्याध्यापकांना दुसरं सत्र सुरू व्हायच्या आत विचारा.